नेरळचा स्टिअरिंगशास्त्री

स्टिअरिंगशास्त्री म्हणजे ट्रॅकवर पळवण्यासाठी गाडी तयार करणारा, परंतु ती अद्याप ट्रॅकवर न नेलेला गृहस्थ. वय साधारण पंचवीस ते पंचेचाळीस. सोमवार ते शुक्रवार तो कर्जत लोकलने मुंबईला कामाला जातो आणि शनिवार-रविवारी नेरळमधल्या एखाद्या गॅरेजसमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेला आढळतो. समोर एक जुनी मारुती ८०० विटांवर चढवलेली असते. मागची सीट, कार्पेट, स्टेपनी आणि दारांची आतली पुठ्ठी काढून तिचे वजन कमी केलेले असते. काढलेली सीट घरच्या पडवीत आजोबांना बसायला दिलेली असते. या गाडीचा घराला आजवर झालेला हा एकमेव उपयोग होय. पावसाळ्यात गाडीवर निळी ताडपत्री चढते आणि शास्त्री स्टुलासकट शेडमध्ये सरकतो.

इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन यांबाबत त्याचे निर्णय झालेले असतात. अडलेला असतो एकच प्रश्न: स्टिअरिंग साधे ठेवावे की पॉवरचे बसवावे? गाडी विटांवरून खाली न येण्याचे अधिकृत कारण हेच.

या विषयातले त्याचे ज्ञान मात्र पक्के असते. वडापावच्या गाडीवरची स्टीलची ताटली तो दोन्ही हातांत उभी धरतो आणि व्याख्यान सुरू होते. साध्या रॅकमध्ये स्टिअरिंगची दांडी एक छोटे दातेरी चाक फिरवते, ते चाक दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकवते आणि ती पट्टी टायरॉडमार्फत चाके वळवते. बळ सगळे चालवणाऱ्याच्या हातांचे. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाच्या दाबाने पट्टी ढकलायला मदत करतो, तर इलेक्ट्रिकमध्ये तेच काम मोटर करते. विक्रीच्या गाडीत पॉवर स्टिअरिंग प्रथम १९५१ साली अमेरिकेच्या क्रायस्लरने आणले आणि इलेक्ट्रिक प्रकार १९८८ मध्ये जपानी सुझुकी सर्वोमध्ये आला, हे सांगताना ताटली पूर्ण फिरलेली असते आणि चटणी शेजारच्याच्या शर्टावर गेलेली असते.

स्टिअरिंगशास्त्र्यांचे दोन पंथ आहेत. पहिला साधेपंथी. त्याच्या मते साध्या स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. पुढच्या टायरची पकड सुटू लागली की स्टिअरिंग अचानक हलके होते, आणि ही सूचना डोळ्यांच्या आधी तळहाताला मिळते. शिवाय पंप नाही, पाइप नाही, तेल नाही, म्हणजे बिघडायला काही नाही. मारुती ८००चे इंजिन ७९६ सीसीचे, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. त्यातली थोडीही पंपाला देणे हा त्याला अन्याय वाटतो. लोटस एलिस आणि अल्फा रोमिओ ४सी या नामांकित गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हते, हे तो दर पाच मिनिटांनी सांगतो. या दोन्ही गाड्या त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेल्या असतात.

दुसरा पॉवरपंथी. साधा रॅक हलका वाटावा म्हणून त्याचे दात मंद ठेवलेले असतात, त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे फेरे जास्त पडतात, असे त्याचे म्हणणे. गाडीची शेपूट घसरली तर तिला सावरायला भराभर उलटे स्टिअरिंग मारावे लागते, आणि तिथे जास्तीचे फेरे नडतात. रुंद टायर टाकले की साधे स्टिअरिंग दंडाला येते आणि दहाव्या फेरीला चालक गाडीशी कुस्ती खेळू लागतो. हेही खरेच आहे. मात्र पॉवरपंथीयाचे टायर अजून बारा इंची कंपनीचेच असतात. रुंद टायरचे फक्त कोटेशन आलेले असते.

जगातले दाखले दोघांनाही सापडतात. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतीत पॉवर स्टिअरिंग नसते. फॉर्म्युला वनच्या गाड्यांत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असते. त्यामुळे वाद कधी संपत नाही आणि चहाचे बिल कधी थांबत नाही.

या दोन पंथांतून वाट काढणारा तिसरा पंथ जुगाडी. तो कुर्ल्याच्या भंगारबाजारातून दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा पॉवर रॅक आणतो, पंप काढून टाकतो, तेल ओतून देतो आणि पाइपाची दोन्ही तोंडे एकमेकांना जोडतो. आता रॅक चपळ आणि वर पंपाची कटकट नाही, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात होते उलटे. पॉवर रॅकचे दात मदत मिळणार हे गृहीत धरून कापलेले असतात. मदत काढली की तेच स्टिअरिंग साध्यापेक्षाही जड होते. आतली सीले पट्टीला घासत राहतात, आणि तेलाची झडप उघडण्यासाठी बसवलेली बारीक दांडी पिळली जाते, त्यामुळे मधल्या भागात स्टिअरिंग ढिले वाटते. जड आणि ढिले, असे दोन्ही अवगुण एकत्र मिळवण्याची ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. जुगाडी मात्र घाम पुसत ‘आता खरा फील आला’ असे जाहीर करतो.

ट्रॅक कुठे आहे, हा प्रश्न शास्त्र्याला विचारू नये. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासून आहे, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट २०११ मध्ये सुरू झाले. यांतला एकही नेरळहून डबा घेऊन जाण्याच्या अंतरावर नाही. कोल्हापुरात मोहित्यांचा गो-कार्टचा ट्रॅक आहे, पण तिथल्या कार्टना पॉवर स्टिअरिंग नसतेच, त्यामुळे पॉवरपंथी तिकडे फिरकत नाही. घाटावर ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, पण तिथे गाडी सरळ रेषेत पळवायची असते. स्टिअरिंगवर आयुष्य वेचलेल्या माणसाला हा अपमान वाटतो. खुद्द नेरळमधला प्रसिद्ध ट्रॅक १९०७ सालचा, दोन फुटी गेजचा. माथेरानच्या त्या गाडीची पहिली वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची होती आणि त्यांच्या टोकाच्या आसांवरची चाके वळणावर आपोआप थोडी तिरकी होत. साधे की पॉवर, हा प्रश्न तिथे कोणाला पडला नाही.

या विषयातला खरा अधिकारी शास्त्र्यापासून हाकेच्या अंतरावर, स्टेशनबाहेरच्या टॅक्सी स्टँडवर उभा असतो. नेरळ ते दस्तुरी नाका हा अरुंद, खड्या चढाचा, वळणावळणांचा घाट ओम्नीवाल्यांनी वर्षानुवर्षे दिवसातून अनेकदा चढला-उतरला आहे. ओम्नी १९८४ मध्ये आली, २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि पॉवर स्टिअरिंग तिला कधीच मिळाले नाही. इंजिन सीटखाली, ड्रायव्हर पुढच्या चाकांवरच बसलेला, मागे बॅगांसकट कोंबलेले पर्यटक. तीव्र वळणावर तो उजवा तळवा स्टिअरिंगवर सपाट टेकवतो, डाव्याने गिअर पाडतो आणि गाडी पूर्ण थांबू न देता एका झोकात वळवतो. त्याच वळणावर पॉवर स्टिअरिंगची महागडी गाडी क्लचचा वास सोडत अडकलेली असते.

शास्त्री त्याला कधी तरी विचारतोच, “दादा, स्टिअरिंग हार्ड नाय वाटत?”

“उभ्या गाडीत हार्ड. चालत्या गाडीत कसलं हार्ड? आधी जरा पुढं सोडायची, मग फिरवायचं.”

पुस्तकातला सिद्धांतही हाच आहे. टायर जागच्या जागी रस्त्यावर घासताना सर्वाधिक बळ लागते, चाक फिरू लागले की ते झपाट्याने कमी होते. शास्त्री हे ऐकतो, मान डोलावतो आणि ‘पण ट्रॅकची गोष्ट वेगळी’ असे म्हणून स्टुलाकडे परततो.

गोष्ट फारशी वेगळी नाही. गाडी साडेसहाशे-सातशे किलोची आणि टायर अरुंद असतील, तर साधे स्टिअरिंग पुरते. गाडी हजार किलोच्या पुढे आणि टायर रुंद व चिकट असतील, तर पॉवर ठेवावे, आणि ते हायड्रॉलिक असेल तर सलग फेऱ्यांत तेल तापते म्हणून त्याला कूलर जोडावा. पॉवर काढायचेच ठरले, तर पूर्ण साधा रॅक बसवावा, पाइपांना गाठी मारू नयेत. घाटाला ट्रॅक समजू नये. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि माथेरानच्या घाटात समोरून येणारी ओम्नी वळण संपेपर्यंत दिसत नाही. आधी ट्रॅकची तारीख घ्यावी, आहे त्या स्टिअरिंगवर गाडी एकदा चालवावी आणि दंड किती दुखतात ते पाहून मग काय तो खर्च करावा.