मागची गाडी रिकामी आहे

दारात लोंबकळणाऱ्या गर्दीला एसटीचा कंडक्टर जे सांगतो, तेच लॅपटॉप घ्यायला निघालेल्या मामाला कॉम्प्युटरवाला भाचा सांगतो. ‘मामा, आत्ता नका घेऊ. दोन महिने थांबा, पुढच्या पिढीचा प्रोसेसर येतोय.’ मागची गाडी रिकामी आहे, हे वाक्य बोलणाऱ्याला फुकट पडते आणि ऐकणाऱ्याला पटते, म्हणून ते टिकून आहे. शिवाय एके काळी ते खरेही होते. 1993 साली पहिला पेंटियम 60 मेगाहर्ट्झवर चालत होता. 2000 साली इंटेलने एक गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बाजारात आणला. सात वर्षांत वेग सोळा पटींच्या वर गेला. त्या दिवसांत सहा महिने कळ काढणाऱ्याला शेजाऱ्यापेक्षा खरोखर निराळे यंत्र मिळायचे. पुढे चिप तापू लागल्या, मेगाहर्ट्झची शर्यत थंडावली आणि सल्ला तेवढा मागे उरला. आज थांबण्यात हिशेब फारसा नसतो. निर्णय टाळण्याची ती एक सभ्य पद्धत झाली आहे, आणि धंद्याचे वेळापत्रकही तिला साजेसेच आहे.

जानेवारीत लास वेगासला सीईएस भरते, तिथे नवे प्रोसेसर जाहीर होतात. तिथे जाहीर झालेली वस्तू लॅमिंग्टन रोडच्या दुकानात यायला वेळ लागतो, त्यामुळे गुढीपाडवा ‘अजून आपल्याकडे आलं नाही’ म्हणून जातो आणि अक्षय्य तृतीया ‘सगळी मॉडेलं येऊ देत’ म्हणून. मे-जूनमध्ये तैपेईचे कॉम्प्युटेक्स. तिथे त्याच्याही पुढचे काहीतरी दाखवतात. सप्टेंबरात बर्लिनला आयएफए; 2024 साली इंटेलने लुनार लेक प्रोसेसर तिथेच आणला. त्याच सुमारास पितृपक्ष लागतो, मग खरेदीचा प्रश्नच मिटतो. दसरा-दिवाळीला सेल असतात, पण सेलमध्ये जुना माल काढतात हे सगळ्यांनाच ठाऊक असते. ॲपल तर बरेचदा ऑक्टोबरातच नवी चिप जाहीर करते. की पुन्हा जानेवारी. साडेतीन मुहूर्तांतला अर्धासुद्धा हाती लागत नाही.

थांबणाऱ्यांची सगळ्यात कडक परीक्षा घेतली ती इंटेलच्या 10 नॅनोमीटर चिपनी. या चिप 2016 साली यायच्या होत्या. जुलै 2015मध्ये कंपनीने त्या 2017च्या उत्तरार्धावर ढकलल्या. अखेर 2018 साली कॅनन लेक घराण्यातला जो प्रोसेसर बाहेर पडला तो म्हणजे कोअर आय3-8121यू: दोन कोअर, आणि आतला ग्राफिक्सचा भाग बंद करून ठेवलेला. पडद्यावर चित्र दिसावे म्हणून शेजारी दुसरी ग्राफिक्स चिप बसवावी लागे. चीनमध्ये लेनोवोच्या एका स्वस्त लॅपटॉपात त्याने दर्शन दिले. ज्याला खरोखर ‘आला’ म्हणावे तो आइस लेक उगवला 2019च्या उत्तरार्धात. 2015 साली दहावी झालेला मुलगा तोवर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पोचला होता. गंमत म्हणजे याच काळात, ऑगस्ट 2017मध्ये, इंटेलने जुन्याच 14 नॅनोमीटरवर पातळ लॅपटॉपांसाठी दोनाचे चार कोअर करून दिले. (त्याच वर्षी मार्चमध्ये एएमडीने रायझन बाजारात उतरवला होता. याला योगायोग म्हणायचे असेल तर म्हणावे.) म्हणजे जे येणार म्हणून जाहीर झाले होते ते आले नाही, आणि ज्याने रोजच्या वापरात फरक पडला ते फारसा गाजावाजा न होता येऊन बसले.

आता ‘पिढी’ म्हणजे नेमके काय विकले जाते, तेही पाहू. रायझन 5 7520यू हे नाव घ्या. एएमडीच्याच गुरुकिल्लीनुसार पहिला 7 म्हणजे 2023 साल, आणि तिसरा अंक, तो निरुपद्रवी 2, म्हणजे आतला गाभा झेन 2. झेन 2 बाजारात आला 2019 साली. ग्राफिक्स बदलले होते हे मान्य, पण गाभा चार वर्षांचा. डिसेंबर 2023मध्ये इंटेलने एएमडीच्या या नामकरणाची जाहीर टिंगल केली. पुढच्याच महिन्यात इंटेलचा कोअर 7 150यू नव्या नावाने आला. आत होता तेराव्या पिढीतला रॅप्टर लेक.

यावर हमखास उत्तर येते ते ॲपलच्या एम1चे. ‘2020 साली जे थांबले त्यांचं सोनं झालं की नाही?’ झाले. पंख्याशिवाय चालणाऱ्या मॅकबुक एअरने भल्याभल्या लॅपटॉपांची लाज काढली. पण ॲपलने जूनमध्ये स्वतःच सांगितले होते की वर्षअखेरीस आपली चिप येणार, आणि ती नोव्हेंबरात आली. तारीख ठरलेली असेल तर पाच महिने थांबणे शहाणपणाचेच. अशी घटना दशकातून एकदा घडते आणि तिच्या आधारे दर वर्षी थांबायचे, हा तर्क लॉटरीच्या दुकानाबाहेर जास्त शोभतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विंडोज 11ने इंटेलच्या आठव्या पिढीखालच्या जवळजवळ सगळ्यांना दार लावले. जुलै 2017मध्ये सातव्या पिढीचा लॅपटॉप घेणारा फसला, महिनाभर थांबलेला तरला. खरे आहे. पण विंडोज 10चा आधार ऑक्टोबर 2025पर्यंत होता, म्हणजे त्या फसलेल्याने आठ वर्षे लॅपटॉप वापरला. आणि 2024च्या सुरुवातीला ‘एआय पीसी’ म्हणून इंटेलचा मीटिऑर लेक घेणाऱ्यांना मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने सांगितले, कोपायलट प्लससाठी तुमचा एनपीयू, म्हणजे चिपमधला एआयचा भाग, पुरत नाही, 40 टॉप्स हवेत. त्यांचे काय बुडाले? कोपायलट प्लसमधल्या ज्या सोयीचा सर्वाधिक डंका होता ते रिकॉल सुरक्षिततेच्या तक्रारींमुळे जूनमध्ये लांबणीवर पडले आणि सर्वांसाठी खुले व्हायला एप्रिल 2025 उजाडले.

राहता राहिला पैशांचा मुद्दा: नवे आले की जुने स्वस्त होते. होते खरे, पण ते स्वस्तातले घ्यायचे तर आपण मागच्या पिढीचे घेत आहोत हे कबूल करावे लागते, आणि ते कबूल असते तर माणूस इतके दिवस थांबला कशाला असता? शिवाय ‘हँग होतो’ म्हणून कुरकुरणाऱ्या लॅपटॉपात बहुधा तुटवडा असतो रॅमचा, तीही मदरबोर्डवर डाग देऊन पक्की केलेली, म्हणजे नंतर वाढवायची सोय नाही. त्या रॅमचे भाव 2025च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी वर नेले. मायक्रॉनने डिसेंबरात क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळण्याचे जाहीर केले, आणि जानेवारी 2026मध्ये इंटेलच्या पँथर लेकचे लॅपटॉप आले ते नेमके या महागाईत. आता सल्ला असा आहे की रॅम उतरेपर्यंत थांबावे. तोवर नोव्हा लेकही येईलच. इंटेलने 2026च्या अखेरीचा वायदा केला आहे.