परत येणारं प्यादं

क्वीन्स गॅम्बिट हे नाव ऐकून आत शिरणाऱ्याची आधी थोडी निराशाच होते. नाव वजिराचं, पण वजीर जागचा हलत नाही. पांढरा वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो, काळाही तेच करतो, मग पांढरा उंटापुढचं प्यादं त्याच्या शेजारी आणून ठेवतो: घ्यायचं तर घ्या. डी ४, डी ५, सी ४. झाली ओपनिंग. २०२० साली याच नावाची मालिका पाहून ज्यांनी हौसेनं पट विकत आणले, त्यांना एवढ्यावर समाधान वाटलं असेल असं वाटत नाही.

मी साठीच्या जवळ येऊन या ओपनिंगच्या नादी लागलो. त्याआधी सगळं आयुष्य राजापुढच्या प्याद्यावर गेलं. तिथे मजा असते. चार चालींत उंट आणि घोडा समोरच्या राजाच्या दाराशी जाऊन उभे. इथे बारा चाली झाल्या तरी कुणाच्या केसाला धक्का लागत नाही. पटाकडे बघणाऱ्याला वाटावं, दोघं चहाची वाट बघताहेत.

शिवाय पांढरा सी ४ चं प्यादं फुकट देतो म्हणतात, तेही तितकंसं खरं नाही. ते लग्नातल्या आहेरासारखं आहे. देताना हात सढळ, पण आपल्या वहीत नोंद पक्की, आणि परतफेड येणार याची खात्री. काळ्यानं प्यादं घेतलं, की पांढरा ई ३ खेळून उंटाची वाट मोकळी करतो आणि सावकाश ते वसूल करतो. काळ्याला हाव सुटली आणि त्यानं बी ५ खेळून ते राखायचं ठरवलं, तर पांढरा ए ४ खेळतो. सी ६ नं टेकू दिला, तर आधी बी ५ वर मारामारी उरकायची आणि मग वजीर एफ ३ वर काढायचा. समोर कोपऱ्यातला हत्ती उघडा पडलेला असतो. त्याला वाचवायला काळ्याला निदान एक उंट किंवा घोडा मोजावा लागतो. एका प्याद्याच्या मोहापायी!

जाणकार काळे म्हणून बहुधा नम्रपणे नको म्हणतात. ई ६ किंवा सी ६, दोन्ही नकार सभ्य. ई ६ मध्ये त्यांच्या वजिराकडचा उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो. हा उंट बाहेर कसा काढावा, यावर जगातल्या थोर थोर डोक्यांनी शंभराहून अधिक वर्षं खर्च केली आहेत. १९२७ साली ब्युनोस आयरेसला कापाब्लांका आणि अलेखिन जगज्जेतेपदासाठी भिडले. एकूण ३४ डाव झाले, त्यातले ३२ नाकारलेल्या क्वीन्स गॅम्बिटचे आणि २५ बरोबरीत. आपल्याकडे सत्यनारायणाची कथासुद्धा लोक इतक्या वेळा इतक्या भक्तीनं ऐकत नसतील.

मला या ओपनिंगमध्ये सगळ्यात जास्त काय भावलं असेल, तर मधल्या डावातली एक संथ मोहीम. पांढऱ्याच्या सी आणि काळ्याच्या ई प्याद्याची डी ५ वर अदलाबदल झाली, की डावीकडची आपली दोन प्यादी समोरच्या तीन प्याद्यांवर चालून जातात. जिंकायला नव्हे. त्यांनी फक्त समोरच्या रांगेत एक लंगडं प्यादं मागे ठेवून जायचं आणि मग पांढऱ्यानं तीस चाली त्या एका प्याद्यावर डोळा ठेवून बसायचं. विशीत मला हे कुणी शिकवलं असतं, तर मी पट मिटून कॅरम काढला असता.

अर्थात पांढऱ्यालाही झोपायची सोय नाही. उंट जी ५ वर आहे, त्यानं काळ्याचा घोडा वजिरासमोर जखडला आहे आणि डी ५ वरचं प्यादं चक्क फुकट दिसतंय, अशी एक वेळ येते. पांढरा घोड्यानं ते उचलतो. काळा जखडलेल्या घोड्यानंच तो घोडा मारतो, आपला वजीर खुशाल सोडून देतो, आणि पांढऱ्यानं तो घेतला की बी ४ वर उंट येऊन शह देतो. या शहाला वजीर मधे घालण्याखेरीज उपाय नाही. हिशेब मिटवल्यावर पांढऱ्याकडे एक घोडा कमी भरतो. शेजारचा आठवीतला मुलगा हा सापळा मला दाखवताना इतका खूश होता, की शोध त्याचाच असावा.

त्याला मी सुलतान खानची गोष्ट सांगितली. पंजाबातला हा माणूस देशी बुद्धिबळ शिकून मोठा झाला. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके, म्हणजे डी ४ गाठायला दोन चाली. विलायतेत जाऊन त्यानं नवे नियम अंगी मुरवले आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं मिळवली. मुलगा म्हणाला, ‘‘पण काका, त्याच्याकडे ॲप नव्हतं ना!’’ हे कौतुक होतं की शंका, मला कळलं नाही.

फिशरचं उदाहरण मात्र त्याला पटलं. जन्मभर राजापुढच्या प्याद्याचा कैवारी असलेला हा माणूस १९७२ साली रेक्याविकला सहाव्या डावात सी ४ खेळला आणि मागच्या दारानं क्वीन्स गॅम्बिटमध्ये शिरला. डाव असा रंगला, की हरलेल्या स्पास्कीनं प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या.

अडचण एवढीच, की डी ४ ला डी ५ नं उत्तर द्यायला काळा बांधील नाही. आमच्याकडे संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींना तर डी ५ हे उत्तर बहुधा ठाऊकच नसावं. ते घोडा काढतात, उंट जी ७ वर नेऊन बसवतात, किल्लेकोट करतात आणि माझी सगळी तयारी तशीच पडून राहते. ‘‘मग लंडन खेळा, काका,’’ मुलगा म्हणाला. ‘‘उंट एफ ४ वर. समोरचा काही का खेळेना, आपलं ठरलेलं.’’ सल्ला व्यवहाराचा आहे, यात शंका नाही. मी मात्र मंडळींच्या त्या मांडणीचं, म्हणजे किंग्ज इंडियनचं, पुस्तक मागवलं आहे. ते क्वीन्स गॅम्बिटच्या पुस्तकाहून जाड आहे.