सोबत : सहपत्रे पाच

सरकारी नोकरीच्या एकतीस वर्षांपैकी एकोणीस वर्षे मी कोकणातल्या एका जिल्ह्याच्या कचेरीत शस्त्र परवान्यांच्या टेबलावर काढली, आणि त्या काळात ज्या बंदुकांचे कागद माझ्या हातून गेले त्या सगळ्या एका मैदानात उभ्या केल्या असत्या तर एखाद्या मध्यम प्रतीच्या संस्थानिकाला शेजारच्या संस्थानावर स्वारी करण्याचा मोह खचित झाला असता. परंतु प्रत्यक्ष बंदुकीला मी आयुष्यात एकदाच स्पर्श केला. एका वृद्ध बागाईतदाराने पीक संरक्षणाच्या परवान्याचे नूतनीकरण करून घेताना आपली ठासणीची बंदूक माझ्या टेबलावर आडवी ठेवली, आणि तिच्या नळीचे तोंड माझ्या चहाच्या कपाकडे होते, म्हणून एका बोटाच्या अग्राने मी ती अर्धी वीत पलीकडे सरकवली. तिने माकडांना दचकवण्यापलीकडे काही पराक्रम केला असेल असे वाटत नव्हते; तरीही त्या दिवशीचा चहा मी अर्धा टाकला.

अशा मनुष्यास निवृत्तीनंतर परवाना प्राधिकारी होण्याचा योग यावा हे विधिलिखितच म्हटले पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून सुट्टीला आलेला माझा तेरा वर्षांचा नातू, आंब्याच्या रसाने चिकट झालेला आपला मोबाइल सावरीत, अत्यंत नम्रपणे माझ्यापुढे उभा राहिला व म्हणाला, "आजोबा, तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल. तेवढा सांगाल का?" चौकशीअंती कळले की 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' नामक खेळात अठरा वर्षांखालील अर्जदारास पालकाची संमती लागते आणि दिवसाकाठी तीन तासांहून अधिक काळ त्यास रणांगणावर राहता येत नाही. हा खेळ म्हणजे पूर्वाश्रमीचा पबजी. २०२० च्या सप्टेंबरात त्याच्यावर बंदी आली, २०२१ मध्ये तो नाव बदलून रुजू झाला, २०२२ मध्ये पुन्हा अदृश्य झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुनश्च कामावर हजर झाला. निलंबन, पुनःस्थापना, पुन्हा निलंबन आणि पुन्हा पुनःस्थापना असा सेवाभिलेख मी कित्येक हुशार तलाठ्यांचा पाहिला असल्यामुळे मला त्या खेळाविषयी तत्काळ आपुलकी वाटली. रीतीप्रमाणे अर्जदाराची चारित्र्य पडताळणी केली. आढीतले आंबे परस्पर लांबवल्याचे एक प्रकरण त्याच्या आजीकडे प्रलंबित होते, पण ते शस्त्रविषयक नसल्यामुळे मी ओटीपी मंजूर केला.

मंजुरी दिली म्हणजे तपासणी आलीच, म्हणून मी चष्मा लावून त्याच्या शेजारी बसलो. एरंगेल नावाचे, आठ किलोमीटर लांब व तितकेच रुंद असे एक बेट आहे. (नाव ऐकून मला मालाडजवळचे मढ-एरंगळ आठवले, परंतु तेथे इतकी मोकळी जागा उरलेली नाही.) विमानातून शंभर माणसे छत्र्या लावून या बेटावर उतरतात, आणि एक वगळता बाकीच्यांचा निकाल लागेपर्यंत कोणीही परत जात नाही. हे सारे मी शांतपणे ऐकले. परंतु नातवाने एका ओसाड घराचे दार उघडले, आणि आत मोरीच्या तोंडाशी, कोणत्याही नोंदीवाचून, कुलपावाचून, वारसावाचून, एक स्वयंचलित रायफल जमिनीवर पडलेली मला दिसली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निषिद्ध ठरवलेल्या शस्त्राचे एक लक्षण असे आहे की, चाप दाबून धरला असता तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात. माझा नातू मॅगझिन रिकामे होईपर्यंत चाप सोडीतच नाही. एकाच गोष्टीने मला थोडा दिलासा मिळाला: २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा ठेवली आहे, आणि या बेटावरही पाठीला दोनच लांब बंदुका लावता येतात. पुढे कमरेला एक पिस्तूलही लटकवता येते असे दिसले, म्हणजे तेथे अद्याप दुरुस्तीपूर्वीचाच अंमल चालू आहे.

मोरीत सापडलेल्या त्या रायफलीचे नाव एम ४१६. नातू व त्याचे मित्र तिला 'एम फोर' म्हणतात, आणि "एम फोर मिळाली!" ही आरोळी ज्या स्वरात उठते त्या स्वरात आमच्या पिढीने केवळ मुलगा झाल्याची वार्ता दिली. या नावाची बंदूक जगातल्या कोणत्याही पलटणीच्या दप्तरात नाही. जी आहे ती एचके ४१६, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या हेक्लर अँड कोख कारखान्याची. अमेरिकन एम ४ कार्बाइनमध्ये गोळीमागचा तप्त वायू काजळीसकट थेट यंत्राच्या पोटात शिरत असे. जर्मनांनी मध्ये एक आखूड दट्ट्या बसवून त्या वायूस बाहेरच्या बाहेर वाटेला लावले. साहेबांच्या खोलीत थेट घुसू पाहणाऱ्या अभ्यागतांना दाराशीच थोपवणारा शिपाई नेमावा, तसाच हा प्रकार. या सुधारणेमुळे घराणे विस्तारले: नॉर्वेच्या सैन्याने ती घेतली, फ्रान्सने आपली जुनी फामास निवृत्त करून तिला 'एफ' असे अक्षर लावून घरात आणले, अमेरिकेच्या मरीन दलात ती एम २७ या नावाने नांदते, आणि ४१७ नावाचे तिचे धिप्पाड भावंड ७.६२ मिलिमीटरची जाड गोळी खाते. आपली नायिका ५.५६ वरच भागवते.

तथापि माझे मन तिच्यावर जडले ते या कुलवृत्तांतामुळे नव्हे. नुसती सापडलेली एम ४१६ अपुरी असते. तिला नळीच्या टोकाशी कॉम्पेन्सेटर, खाली ग्रिप, मोठे मॅगझिन, मागे टॅक्टिकल स्टॉक आणि वर दुर्बीण अशी पाच अंगे जोडावी लागतात, आणि ती सगळी निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या मजल्यांवरून गोळा करावी लागतात. नातू त्यांना 'अटॅचमेंट' म्हणत होता. मी त्यास समजावले की बाळ, यास सहपत्रे म्हणतात. वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, सातबारा, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पोलीस अहवाल यांवाचून आलेला अर्ज जसा हातात थरथरतो व कोठेही नीट लागत नाही, तशीच सहपत्रांवाचूनची ही बंदूक. आणि पाचही जोडली की नेम इतका स्थिर होतो, की पाहून माझे डोळे निवले. एकोणीस वर्षांत परिपूर्ण प्रस्ताव माझ्या टेबलावर मोजून चार वेळा आला असेल.

नातवाचा एक मित्र मात्र एकेएमचा अभिमानी. ती जुन्या कलाश्निकोव्हची सुधारलेली आवृत्ती, सोव्हिएत सैन्यात दाखल झाली १९५९ साली, म्हणजे आमचा अधिनियम संमत झाला त्याच साली. तरीही मला तिच्याविषयी समवयस्काचे प्रेम वाटेना. तिला सहपत्रे तीनच लागतात, धक्का दांडगा बसतो, आणि काम मात्र होते. असे अर्ज आमच्याकडे आमदारांच्या चिठ्ठीसह येत.

एम ४१६ ला वस्त्रेही असतात. 'ग्लेशियर' नावाचे एक हिमासारखे निळे-पांढरे वस्त्र आहे, दुसरे विदूषकाच्या थाटाचे. त्यांसाठी मुले खरे पैसे मोडून खोटी पेटी उघडतात आणि पेटीतून बहुधा दुसरेच काही निघते. गोळीचा मार त्याने तीळभरही वाढत नाही. नातवाने ग्लेशियरकरिता माझ्याकडे अर्ज केला, तो मी 'तरतूद नाही' असा शेरा मारून निकाली काढला. मागाहून त्याने आजीकडे अपील दाखल केले, त्याचा निकाल मला कळवण्यात आलेला नाही.

शेवटच्या दिवशी त्याने फोन माझ्या हाती दिला. "आजोबा, एकदा तरी उतरा!" उतरलो तो एका कौलारू घरापाशी. आत एम ४१६ होती, आणि शेजारच्या खोलीत गोळ्यांचा ढीग होता. तो सगळा ७.६२ चा. बोअर जुळत नाही, या एकाच त्रुटीवर मी उभ्या हयातीत शेकडो प्रकरणे परत पाठवली असल्यामुळे ती चूक माझ्या हातून होणे शक्यच नव्हते. ढीग तेथेच सोडून मी ५.५६ च्या शोधार्थ निघालो. ज्या घरात शिरलो त्याचे दार सभ्य माणसाप्रमाणे आतून लावून घेतले. बाहेर गोळीबार चालू होता, परंतु लावलेल्या दारामागे कोणी नसते अशी शत्रूची समजूत असावी, कारण मला कोणी त्रास दिला नाही. गोळ्या मिळाल्या, मोठे मॅगझिन मिळाले, ग्रिप मिळाली, कॉम्पेन्सेटर मिळाला. स्टॉक तीन घरे पालथी घातल्यावर मिळाला. बेटाच्या कडेकडून आवळत येणाऱ्या प्राणघातक निळ्या वेढ्याला तेथे झोन म्हणतात. नातू कानाशी ओरडत होता, "झोन येतोय, पळा!" मी म्हटले, "थांब, एक सहपत्र बाकी आहे." चौपट दाखवणारी दुर्बीण पोटमाळ्यावर सापडली तेव्हा पाचही सहपत्रे पूर्ण झाली, आणि मी ती बंदूक दोन्ही हातांत धरून, तिच्याकडे कौतुकाने पाहात, मोरीत बसलो. निळा झोन भिंतीतून आत आला व त्याने मला जागीच निकालात काढले.

शंभरांपैकी माझा क्रमांक अकरावा लागला. नातू इतका उंच कधी गेला नव्हता, तरी त्याचे तोंड उतरलेच. "अहो आजोबा, एक तरी गोळी मारायची! समोर दोघे जण धावत गेले की!"

मी उत्तर दिले नाही. फडताळातली जुनी वही काढली, रेघा ओढल्या आणि नोंद केली: शस्त्र, एम ४१६, एक, सहपत्रे पाच, मॅगझिनमध्ये गोळ्या चाळीस, पिशवीत एकशेवीस, एकूण एकशेसाठ, वापर, निरंक, शिल्लक, एकशेसाठ. मेळ बसला. खाली सही करून तारीख घातली आणि वही नातवापुढे सरकवली, कारण परवानाधारकाच्या सहीची जागा अजून कोरी होती.