छातीची उंची 1.37

गडचिरोलीकडच्या रस्त्यावर कुणाला अंतर विचारू नये. “कितीक दूर आहे जी?” या प्रश्नाचं “हे काय, जवरच आहे जी” हे एकच उत्तर मिळतं, आणि ते अर्ध्या किलोमीटरपासून अर्ध्या दिवसापर्यंत कुठेही लागू पडतं. सांगणारा खोटं बोलत नाही. तो रोज तिथं पायी जातो; दमतो तो आपण.

त्यापेक्षा कोस बरा होता. कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल. चंद्रपूर ते गडचिरोली सुमारे 80 किलोमीटर, म्हणजे 50 मैल, म्हणजे 25 कोस. गणित इतकं सुरेख सुटतं की शंकाच यावी, आणि ती रास्त आहे. अकबराच्या दरबारी कोस 5000 इलाही गजांचा होता. रयतेचा कोस गावागणिक वेगळा. जंगलातला कोस तर नाल्याला पूर आला की वाढतो आणि वाटेत वाघाच्या पंजाचे ताजे ठसे दिसले की झपाट्याने संपतो.

आपल्याकडे वेळही लांबीनेच मोजायचे. दिवस कासराभर वर आला, की निघायचं. थेट सूर्याला बैलाची दोरी लावणाऱ्या माणसाला सेंटिमीटर शिकवायचे म्हणजे धाडसच. सरकारने ते केलं. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि फूट-इंच कागदोपत्री हद्दपार व्हायला लागले.

कागदोपत्रीच. वनखात्याचा माणूस उभ्या सागाची गोलाई जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजतो, कारण ती म्हणे छातीची उंची. इतकी काटेकोर छाती कुणाची? कुणाचीच नाही, ते जुने साडेचार फूट आहेत, मीटरचा गणवेश घालून नोकरीत राहिलेले. नागपूर–नागभीड नॅरोगेज 2019 साली बंद झाली, तिच्या दोन रुळांमध्ये 762 मिलिमीटर अंतर होतं. असला आकडा कुणाला आपणहून सुचत नाही. ते अडीच फूट. मार्ग ब्रॉडगेज होतोय, म्हणजे 1676 मिलिमीटर. हे साडेपाच फूट. अर्थात प्रगती झाली ती तीन फुटांची.

खरी मजा लाकडात आहे. बल्लारशाच्या आगारात सागवान घनमीटरने विकलं जातं. तेच सुताराकडे गेलं की घनफूट होतं आणि जाडी सुतावर येते. आठ सुतांचा एक इंच. गोल ओंडक्याचं माप काढायची रीत आणखी न्यारी: गोलाईचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने 1736 साली याची कोष्टकं छापली. या रीतीने ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भरतात. उरलेले साडेएकवीस टक्के चौरस कापताना निघणाऱ्या फळकुटांत आणि भुशात जातील, असं धरून चालायचं. तोटा मोजायच्या आधीच वजा करणारं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही.

यात पाय कसा लपला आहे, ते मी एकदा आमच्या सुताराला समजावू लागलो. परिघ, व्यास, 3.14, सगळं सांगितलं. त्याने कानामागची पेन्सिल काढली, फळीवर रेघ ओढली आणि करवत उचलत म्हणाला, “भाऊजी, पाय बाजूला घ्या.”

तेव्हापासून मी गणित बाजूला ठेवून निरीक्षण करतो. माझं मत असं, की कायद्याने आकडे बदलतात, माणसांची मापं बदलत नाहीत. सातबारावर हेक्टर-आर, सौद्यात एकर आणि प्लॉटला चौरस फूट, असा कारभार इथं कुणाचंही न बिघडता सुरू आहे. तेव्हा तुम्ही कधी सागवान घ्यायला आलात, तर घासाघीस करण्याआधी भाव घनमीटरचा आहे की घनफुटाचा, हे तेवढं विचारून घ्या. एका घनमीटरात पस्तीस घनफूट बसतात.