सीलबंद रसिकता

जुन्या चित्रपटांच्या डिस्क जमवणाऱ्यांचे जाहीर आभार मानायला हवेत. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा अभिजात सिनेमाची केवढी बेअब्रू झाली होती! किराणा दुकानात साबणाच्या वडीशेजारी कृष्णधवल कलाकृती. कोणीही उठावे, सुटे पैसे टाकावेत आणि खुशाल सिनेमा बघावा, अशी बेबंदशाही माजली होती.

सुदैवाने २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने ही कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. मधल्या काळात लॅपटॉपवाल्यांनीही डिस्कची खाच काढून टाकून रसिकांना मोहापासून वाचवले. आता तीच डिस्क ‘दुर्मिळ’ म्हणून अनेक पटींनी महाग मिळते आणि वेष्टन फोडलेले नसेल तर भाव आणखी चढतो. योग्यच आहे. बघितलेला सिनेमा म्हणजे वापरलेला माल. खरा संग्राहक चित्रपटावर इतके प्रेम करतो, की तो कधीच लावत नाही. अगदीच राहवले नाही तर मोबाइलवर फुकट बघतो, मध्ये बनियनच्या जाहिरातींसह. पण सील शाबूत ठेवतो.

या शुद्ध रसिकतेचा पुढचा टप्पा आम्ही गाठला आहे. आमच्या नव्या मर्यादित आवृत्तीत उत्तम खोका आहे, क्रमांक आहे, जाडजूड पुस्तिका आहे. डिस्क कोरी आहे. गेल्या दिवाळीपासून एकही तक्रार आलेली नाही.

इच्छुकांनी आगाऊ नोंदणी करावी. खोका हातात घेऊन बघता येईल. लावून दाखवण्याचा आग्रह धरू नये.