आलिशान जहाजाच्या मालकांस, मु. पो. समुद्र

स. न. वि. वि.

आपल्या धंद्यातली माहितीपत्रकं आम्ही आवडीने वाचतो. कागद गुळगुळीत असतो, वाचून झाल्यावर कपाटात अंथरायला बरा पडतो. शंभर-दोनशे पाहुणे, जवळजवळ तितकीच सेवेला माणसं, प्रत्येक खोलीला समुद्राकडे गॅलरी, आणि मुख्य म्हणजे जिथे मोठी जहाजं शिरू शकत नाहीत अशी लहान लहान बंदरं. आज क्रोएशियातलं ह्वार, उद्या इटलीतलं पोर्तोफिनो, परवा ग्रीसचं एखादं बेट. तरंगत्या नगरपालिकांना किनाऱ्यावरची माणसं विटली आहेत, हे आपण बरोबर हेरलंत. व्हेनिसमध्ये तर 1 ऑगस्ट 2021 पासून 25 हजार टनांवरच्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. अशा वेळी लहान जहाजवाल्याचं फावतं.

म्हणून हे निमंत्रण. मोठं जहाज शिरत नाही अशीच बंदरं हवीत ना? कोकणात या. आमच्या काही खाड्यांत ओहोटीला लहानही शिरत नाही.

दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. आपले लोक या किनाऱ्याचा ‘शोध’ लावतील तेव्हा ही नावं मोठ्या कौतुकाने छापतील. आमच्या आज्यांना ती रामरक्षेसारखी पाठ होती. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट यांतली बंदरं घेत घेत दुसऱ्या दिवशी पणजीला लागायची. आपल्याकडे पाहुण्याला खोली निवडता येते. आम्ही सरळ डेकवर जायचो. जो आधी चढून वळकटी सोडेल त्याची जागा. शेजारी कोणाची ट्रंक, कोणाचं कोंबड्यांचं खुराडं, कोणाचा मुंबईच्या चाळीकडे निघालेला फणस. खुल्या आकाशाखाली झोपण्याचे आपण वेगळे पैसे घेता असं वाचलं. आम्हांला तिकिटात मिळायचं, आणि पहाटेचं दवही त्यातच.

आपल्या पत्रकातलं सर्वांत आकर्षक छायाचित्र असतं ते किनाऱ्यावर उतरण्याचं. जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं, आणि पाहुणे रबरी होडीत बसून, केस उडवत, अनोळखी गावाकडे निघालेले. आमची बोटही बंदराबाहेरच उभी राहायची, कारण आत गाळ. मग किनाऱ्यावरून पडाव यायचे. हलत्या बोटीतून हलत्या पडावात उतरायचं. खलाशी एका हाताने पोर धरायचा, दुसऱ्या हाताने पोराची आजी. मालवणातल्या एका म्हाताऱ्या खलाशाला आम्ही आपलं छायाचित्र दाखवलं. ‘‘ह्यो तर आमचोच पडाव, रबराचो केल्यानी,’’ म्हणाला आणि भाडं विचारलं. आकडा ऐकल्यावर त्याने चष्मा पुसून ते चित्र पुन्हा एकदा नीट पाहिलं.

आता सहलींचं. जंजिऱ्यापासून सुरुवात करा. हा किल्ला शिवाजी महाराजांच्या हाती आला नाही, संभाजी महाराजांच्याही नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीचं तिकीट काढणाऱ्याच्या हाती मात्र तासाभरासाठी येतो. दरवाज्यापाशी लाटेचा अंदाज घेऊन पायरीवर उडी मारायची असते. आपल्या बटलरला आधी सराव करू द्या. हर्णैला धक्क्याची काळजी नको, तिथे बैलगाडी थेट पाण्यात येते. ती मासळीसाठी असते हे खरं, पण पाहुण्यांनी लिलाव होईपर्यंत गाडीतून न उतरण्याचा हट्ट धरला नाही, तर घोटाळा व्हायचं कारण नाही.

रत्नागिरीला आपल्या धंद्याचा आद्य पाहुणा भेटेल. ब्रह्मदेशाचे राजे थिबा 1886 साली जहाजाने इथे आले. राणी बरोबर, मुली बरोबर, सगळा खर्च इंग्रज सरकारचा. आधी भाड्याचे बंगले, मग 1910 च्या सुमारास खास बांधलेला, समुद्राकडे पाहणारा राजवाडा. पाहुणचारात कसूर नव्हती, फक्त परतीचं तिकीट नव्हतं. 1916 साली ते इथेच वारले. तीस वर्षं एकाच बंदरात मुक्काम, असं पॅकेज अजून तरी कोणी काढलेलं नाही.

मालवणचा सिंधुदुर्ग 1664 साली कुरटे बेटावर बांधायला घेतला. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आपल्या जहाजावर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असेल, त्याच्या इंजिनिअरला ही सहल फुकट घडवा. संध्याकाळी दशावतार ठेवू. तो रात्रभर चालतो, आपल्याला मात्र जेवणाआधी चाळीस मिनिटांत उरकायला हवा असेल. संकासुराला तेवढ्यात मारून घेता येईल. पुढच्या आख्यानातला राक्षस मात्र पहाटेशिवाय मरत नाही. त्याला विचारून सांगतो.

एक गोष्ट पत्रकात घालू नका. 17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतरही लोक बोटीतच चढले. धाडस म्हणून नव्हे. घरी जायचा दुसरा धड रस्ता नव्हता म्हणून. बोट लागायची, ओकाऱ्या व्हायच्या, तोंडात लिंबाचं लोणचं धरून माणसं पडून राहायची. सागरप्रवासाची हौस वगैरे शब्द त्यांच्या कानावर आले नव्हते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही प्रवासी वाहतूक बंद पडली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि सगळे म्हणाले, आता बोटी कशाला? खरंच, कशाला? 2018 साली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ निघाली तेव्हा काही जुनी माणसं हरखली होती. नाव कान्होजी आंग्र्यांचं, ज्यांच्या गलबतांनी हा किनारा राखला. बोट मात्र थेट गोव्याला. मधली बंदरं आरमाराच्या इतिहासात, वेळापत्रकात नव्हती. आम्ही मधे थांबणारी साधी बोट मागितली की उत्तरं ठरलेली असतात: गाळ आहे, धक्का जुना आहे, प्रवासी मिळणार नाहीत. आपण मागाल तेव्हा तीच बंदरं पर्यटनाची अपार क्षमता असलेली ठरतील. यात आपला दोष नाही. आमचं म्हणणं एवढंच, की आपल्यासाठी गाळ उपसलाच, तर उपसलेल्या वाटेवर फाटक लावू नका. मागोमाग आमचे ट्रॉलर आत येतील, त्यांना डिझेलचा आणि बोंबलाचा वास असतो. तो अस्सल आहे. वेगळे पैसे नकोत.

येण्याच्या तारखांबद्दल: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, समुद्रही पाहुणा ओळखत नाही. गोव्याच्या जुन्या बोटीही पावसाळ्यात बंदच असत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला की मग या, शक्यतो गणपतीच्या आधी चार दिवस. त्या आठवड्यात रेल्वेचं आरक्षण उघडताच संपलेलं असतं, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. ते आता आमच्या घरातल्यासारखं झालंय. आपलं जहाज मुंबईहून दक्षिणेकडे जाणारच. खोल्या आपल्या पाहुण्यांना असू द्या. मोकळा डेक असेल तर चाकरमानी बसतील, जेवणाचे डबे आणि पथारी स्वतःची आणतील, आणि ज्याचं बंदर येईल तो गुपचूप उतरेल. पडावाची सोय आम्ही करतो.

उत्तरात फक्त दोन गोष्टी कळवा. बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट आहे का? आणि परतताना माणशी एक तांदळाचं पोतं आणि वीसेक नारळ असतात, त्यांचं भाडं वेगळं लावता की माणसातच धरता?

कळावे, लोभ असावा.

आपला,
डेकचा एक प्रवासी