विकलेल्या गाडीचा मालक

गाडी विकणं फार सोपं असतं. जाहिरात टाकली की संध्याकाळपर्यंत माणसं येतात, टायरला लाथ मारतात, बॉनेट उघडून आत बघत नुसतं 'हं' म्हणतात आणि त्या एका हुंकारात वीस हजार रुपये पाडतात. अवघड असतं ते विकलेली गाडी आता आपली नाही हे सरकारला पटवणं. त्यातून विकणारा मराठी मध्यमवर्गीय असेल तर त्याची आणखी एक पंचाईत असते: भीड. किमतीवरून तो तासभर हुज्जत घालेल, पण 'इथे तारीख, वेळ टाकून सही करा' म्हणायची वेळ आली की त्याचा घसा बसतो. समोरच्याला वाटेल, आपल्यावर विश्वास नाही.

कायद्याला घसा नाही आणि भीडही नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 2(30) सांगतं की गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली तो मालक. पैसे कुणी दिले, किल्ली कुणाच्या खिशात आहे, मागच्या काचेवर आता कुणाच्या मुलांची नावं चिकटवली आहेत, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक गाडी आली होती. मूळ मालकाने ती 2007 मध्ये विकली, मग ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, आणि नावावर करून घ्यायचे कष्ट कुणीच घेतले नाहीत. 2009 मध्ये अपघात झाला, त्यात एक जीव गेला. या प्रकरणात हसण्यासारखं काही नाही. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने टाकली ती नोंदणीपुस्तकातल्या मालकावर, म्हणजे गाडी विकून दोन वर्षं स्वस्थ झोपलेल्या माणसावर.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं दुखणं त्यामानाने किरकोळ. त्यांनी गाडी दिली ती काचेवरच्या फास्टॅगसकट, आणि टॅग त्यांच्या बँक खात्याला जोडलेला. मग संध्याकाळी कट्ट्यावर त्यांचा फोन किणकिणला की आम्ही सगळे सरसावून बसायचो. "खेड-शिवापूर," ते गंभीरपणे जाहीर करत. तासाभराने "आनेवाडी". मग "तासवडे". कुणीतरी म्हणे, कऱ्हाडला सासर असेल. पण किणी आलं आणि उलगडा झाला: "कोल्हापूर! उद्या मंगळवार. अंबाबाईला चाललाय." दुसऱ्या दिवशी तीच नावं उलट्या क्रमाने आली. पुण्य त्याला, टोल यांना. फोन करून बोला ना त्याला, असं आम्ही सुचवलं. पण तो घरी आला होता तेव्हा यांच्या हातचं थालीपीठ खाऊन गेला होता, आणि थालीपीठ खाल्लेल्या माणसाकडे टोलचे पैसे कसे मागायचे? शेवटी टॅग बंद करण्याचा अर्ज केला. कट्ट्यावरची करमणूक गेली, एवढंच.

हे सगळं डोळ्यांसमोर असल्यामुळे माझी गाडी विकायची ठरली तेव्हा मी भीड न बाळगण्याचा पण केला. गिऱ्हाईक नेमकं अतिनम्र निघालं. हिंजवडीत नोकरी करणारा तरुण. आल्या आल्या मला 'काका', बायकोला वाकून नमस्कार, आणि प्रत्येक कागदाला एकच उत्तर: "काका, कागदाचं काय एवढं? माणूस बघा." मी माणूस बघत होतोच. फक्त त्याचं आधार कार्ड हातात धरून बघत होतो.

घोडं अडलं ते पितृपक्षावर. त्याच्या आईचं म्हणणं, पितृपक्षात वाहन घ्यायचं नाही. त्याचं म्हणणं, बसने जाऊन जाऊन तो कंटाळलाय. तडजोड म्हणून त्याने सुचवलं: "गाडी आजच नेतो काका, फक्त डिलिव्हरी नोटवर घटस्थापनेची तारीख टाका."

"आणि मधल्या दिवसांत गाडी कुणाची?"

"कागदावर तुमची."

"आणि रस्त्यावर?"

"रस्त्यावर माझी."

इतकी वाईट वाटणी आमच्या गावाकडच्या भाऊबंदकीतही कधी झाली नव्हती. त्याने सिग्नल तोडायचा, फोटोसकट चलन माझ्या मोबाईलवर. त्याने कुणाला धडक द्यायची, नोटीस माझ्या दारात. आणि माझ्या पूर्वजांनी वरून बघत बसायचं. बायकोने तोडगा काढला: घटस्थापनेपर्यंत गाडी आमच्याच पार्किंगमध्ये राहील, किल्ली देवापुढे. देवाचं नाव आल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

घटस्थापनेला सकाळी तो पेढे घेऊन आला. मी डिलिव्हरी नोटवर लिहिलं: सकाळी 9 वाजून 40 मिनिटं. किलोमीटरचा आकडा लिहिला, दुसरी किल्ली, आरसी, विमा, पीयूसी मिळाल्याचं लिहिलं. "मिनिटं कशाला काका?" म्हणाला. मी सांगितलं, 9:39 ला गेटला घासलीस तर माझी, 9:41 ला घासलीस तर तुझी. तो 9:45 पर्यंत चहा पीत बसला. मुलगा हुशार होता.

विक्रीचा करार स्टॅम्प पेपरवर केला. पूर्वी असल्या कामाला शंभराचा कागद चालायचा. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये तो पाचशेवर नेला. माझ्या शब्दाची किंमत एवढी वाढेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

आरटीओच्या कामाला त्याने एजंट गाठला होता. एजंटने माझ्यापुढे गठ्ठा ठेवला. "फुल्या केल्यात तिथे सह्या करा, बाकी आम्ही भरतो." सगळा घोळ इथेच असतो. कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर, जुन्या मालकाची सही मिळाली की गाडी स्वतःच्या नावावर न करताच पुढच्याला विकता येते, आरसीवर मालकांची संख्या वाढत नाही, 'फर्स्ट ओनर' म्हणून भावही चांगला येतो. तो फर्स्ट ओनर म्हणजे आपण, घरी वरणभात जेवत असलेले. फॉर्म 30 हा गाडी घेणाऱ्याचा अर्ज, त्यावर आपली सही लागते. पण फॉर्म 29 म्हणजे गाडी विकल्याची खबर, आणि ती चौदा दिवसांत द्यायचं काम कायद्याने विकणाऱ्याला दिलंय. घेणाऱ्याला तीस दिवस आहेत. लोक मात्र आपले चौदा दिवसही त्यालाच बक्षीस देऊन टाकतात. मी एजंटसमोर बसून एकेक रकाना भरला. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी निवृत्त शिक्षकांकडे बघताना लोकांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

सहीने मात्र घात केला. गाडी घेतली तेव्हाची माझी सही ऐटबाज, शेवटी शेपटी असलेली. मधल्या काळात शेपटी झडली होती. "जुन्यासारखी करा," एजंट म्हणाला. मग मी घरी बसून स्वतःच्याच सहीची हुबेहूब नक्कल करायचा सराव केला. असा प्रामाणिक अपराध दुसरा नसेल. त्याच आठवड्यात चॅसिस नंबरचा ठसा झाला: लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसंच, फरक एवढाच की नाण्यासाठी बॉनेटमध्ये डोकं घालावं लागत नसे.

आणि मग ओटीपी. बँक, पोलीस, रेडिओ, सगळे आपल्याला बजावतात की ओटीपी कुणालाही सांगू नका. इथे एक जवळजवळ अनोळखी तरुण फोनवर म्हणतो, "काका, आधारचा ओटीपी आलाय, तेवढा सांगा." मी त्याला आणि लॅपटॉपला, दोघांना घरी बोलावलं. बटण दाबताना मी शेजारी चष्मा लावून बसलो होतो.

विम्यावरून शेवटची झटापट झाली. गाडी विकली की विम्यातलं तिसऱ्या व्यक्तीचं संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे जातं, पण पॉलिसी त्याने नावावर करून घेतली नाही तर त्याच्या स्वतःच्या पत्र्याला पोचा आल्यास कंपनी हात वर करते. हे त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण काका, नो क्लेम बोनस गाडीबरोबर येतो ना?" येत नाही. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. इतकी वर्षं कुणाला न ठोकता गाडी चालवल्याचं एवढं एकच प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. म्युझिक सिस्टीम दिली, सीट कव्हरं दिली, डिकीतली छत्रीसुद्धा दिली. हे नाही दिलं.

गाडी त्याच्या नावावर झाल्यावर मी निश्चिंत झालो. पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला. मला उगाच धडधडलं.

"काका, तुमचा तो कराराचा नमुना पाठवता का? आणि डिलिव्हरी नोटचाही, तो मिनिटांचा. स्कूटर विकतोय."

मी म्हटलं, "अरे, कागदाचं काय एवढं? माणूस बघ."

"बघितलाय ना काका," तो आवाज खाली आणत म्हणाला, "सख्खा मेहुणा आहे."